अडविलेले पाणी कोणाचे?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चिंचवडच्या पुढचे स्थानक आकुर्डी. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी आप्त कामधंद्यानिमित्त त्या बाजूस राहतात. म्हणून हे नाव खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस अपरिचित नाही. एके काळी आकुर्डी हे शेतकऱ्यांचे लहानसे गाव होते. १९५४ साली शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि ह्या पट्ट्यातील शेतांच्या जागी कारखाने उभे राहू लागले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी ह्या गावांची मिळून नगरपालिका झाली, व १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. आता तेथे नांगर दिसत नाही; दिसतात त्या उंच इमारती, आणि त्या इमारतींच्या फाटकांवर बसलेले, दुष्काळी जिल्ह्यांतून आलेले लोक.

अशाच एका फाटकावर पहारा करणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. ते मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील (ज्यास हल्ली अहिल्यानगर म्हणतात) एका कोरडवाहू गावचे. गावाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. कारण कोणा एका गावास दोष लावावा असा आमचा हेतू नाही. ह्या गृहस्थांस शेत नव्हते. आई, बायको, दोन मुले व पाच-सहा शेळ्या एवढाच त्यांचा संसार. सुमारे तीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावी पाणलोटाचे काम निघाले. डोंगरावर चर खणावयाचे होते. ते ह्यांनी व ह्यांच्या पत्नीने दोन उन्हाळे खणले. मजुरी मिळाली, आणि ठरल्याप्रमाणे श्रमदानही त्यांनी केले. पुढे गवत व रोपे जगावीत म्हणून डोंगरावर चराईबंदी झाली, तेव्हा शेळ्या विकाव्या लागल्या. तिसऱ्या वर्षी खालच्या विहिरींस पाणी आले, टँकर बंद झाला, आणि गावास आनंद झाला. त्या आनंदात तेही मनापासून सामील झाले. परंतु पाणी आले ते ज्यांची शेते पायथ्याशी होती त्यांच्या विहिरींस. त्यांनी आधी कांदा केला, मग डाळिंब, मग ऊस. ह्यांच्या वाट्यास पिण्याचे पाणी व हंगामातील मजुरी आली. पण मुलांच्या शिक्षणाचा खर्च वाढला, शेळ्यांचा आधार गेलेला होता, आणि शेवटी त्यांनी आकुर्डीची वाट धरली. ह्या शहरास २०१९ च्या नोव्हेंबरापासून एक दिवसाआड पाणी देण्याची पद्धत सुरू झाली. पाण्याच्या दिवशी पहाटे उठून इमारतीची टाकी भरून घेणे हे त्यांच्याच कामांपैकी एक. एकदा बोलता बोलता ते आम्हांस म्हणाले, "पाणी गावात थांबलं, मी मात्र थांबलो नाही."

ह्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते आमच्या मनास अधिक लागले. त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे, तो आज वाचकांपुढे ठेवीत आहो. बदलत्या हवामानास तोंड देण्याकरिता डोंगर, माती, गवत, झाडे व पाणी ह्यांची निगा सर्वांनी मिळून राखावी असा उपदेश आज सर्वत्र होत आहे, व तो योग्यच आहे. परंतु अशा रीतीने जे पाणी अडते ते कोणाचे? ज्याच्या विहिरीत ते उतरले त्याचे, की ज्यांनी ते अडविले त्या सर्वांचे?

प्रथम हा उपदेश योग्य का, ते पाहू. हवामान बदलत आहे ही आता केवळ म्हाताऱ्या माणसांची तक्रार राहिलेली नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानाने एक अंशाहून अधिक वाढले आहे. पुण्याजवळ पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी इतरांच्या साहाय्याने १९५० पासून २०१५ पर्यंतच्या पावसाच्या नोंदी तपासल्या, व २०१७ साली असे प्रसिद्ध केले की, मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस विस्तृत प्रदेशावर कोसळण्याचे प्रसंग त्या काळात तिपटीने वाढले. म्हणजे पाऊस येतो, परंतु तो संथपणे न येता एकदम कोसळतो. आणि दोन सरींच्या मधला उघाडीचा काळ पिकास जाळून टाकतो. पुणे जिल्ह्यातच ह्याची दोन्ही टोके दिसतात. घाटमाथ्यावर लोणावळ्यास वर्षास चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडील बारामती, दौंड, इंदापूर ह्या तालुक्यांत तो सुमारे पाचशेवर येतो. २०१४ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर अतिवृष्टीने डोंगर खचून आला, आणि दीडशेच्या आसपास माणसे मातीखाली गेली. त्याच जिल्ह्यात दुसरीकडे लोक उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

अशा काळी जमिनीने पाणी धरून ठेवणे हाच मुख्य आधार होय. साधा हिशेब पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. तेव्हा पाचशे मिलिमीटरांच्या दुष्काळी मुलखातही एकरी वीस लाख लिटर पाणी आकाशातून पडते. ते बोडक्या डोंगरावर पडले म्हणजे माती घेऊन तासाभरात ओढ्यातून निघून जाते. तोच डोंगर गवताने झाकलेला असला, उतारावर सारख्या पातळीत समतल चर खणलेले असले, घळींत दगडी बांध घातलेले असले, तर पाणी चालू लागते, मग रांगते, मग थांबते, आणि जमिनीत मुरते. हे काम माथ्यापासून पायथ्याकडे करीत यावे लागते. जे गाव डोंगर तसाच उघडा ठेवून खाली ओढ्यावर बंधारा बांधते, त्याचा बंधारा काही पावसाळ्यांतच गाळाने भरतो. म्हणून चर आधी माथ्यावर, बंधारा शेवटी. आणि गवत व रोपे मूळ धरीपर्यंत चराईबंदी व कुऱ्हाडबंदी. जाणते लोक आता ह्यास सृष्टीच्या व्यवस्थेची निगा म्हणतात. एकट्या विहिरीची अथवा एकट्या शेताची निगा राखून भागत नाही. डोंगर, कुरण, ओढा, शेत व विहीर हे एकाच शरीराचे अवयव आहेत असे समजून वागावे लागते.

आता नैतिक प्रश्न उत्पन्न होतो तो नेमका येथेच. माथा बहुधा गायरान असतो, अथवा सरकारी वनाची जमीन असते. तेथे चरतात ती गुरे बहुतकरून ज्यांस शेत नाही, अथवा नावापुरते आहे, त्यांची. धनगराची मेंढरे तेथे, विधवेच्या दोन शेळ्या तेथे, सरपणाची मोळी तेथली. पायथ्याची काळी जमीन मात्र पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे आहे त्यांच्याचकडे असते. तेव्हा "गावाने त्याग करावा" असे सभेत ठरते, पण तो त्याग वर राहणाऱ्यास करावा लागतो. "गावास पाणी आले" असे आपण म्हणतो, पण ते पाणी खाली राहणाऱ्याच्या मोटारीस लागते. त्याग एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असे झाले म्हणजे त्यास श्रमदान म्हणावे की वेठ म्हणावी, हा प्रश्न सुज्ञाने स्वतःस विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, "जमीन ज्याची, पाणी त्याचे, हे तर कायद्यानेच ठरले आहे." हे पुष्कळ अंशी खरे आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून ह्या देशात अशी समजूत दृढ झाली की, आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकास आहे. परंतु त्या काळी शेतकरी बैलांच्या मोटेने पाणी काढीत असे, व बैलांच्या बळास मर्यादा होती. शिवाय आम्ही ज्या पाण्याविषयी बोलत आहो ते त्या मालकाच्या जमिनीखाली आपोआप आलेले नाही. ते पडले सर्वांच्या माळावर. थांबले सर्वांच्या घामाने. आणि मुरले ते एका गरिबाने आपल्या शेळ्या विकल्या म्हणून. विहीर खणणाऱ्याने पैसा घातला, कर्ज काढले, जोखीम पत्करली, हे आम्ही नाकारीत नाही. त्याच्या कष्टांचे फळ त्यास अवश्य मिळावे. परंतु विहीर त्याची म्हणून तीत उतरलेले सर्व पाणीही त्याचेच, असे म्हणणे म्हणजे पेटी माझी म्हणून तीत ठेवलेले मंडळीच्या वर्गणीचे पैसेही माझेच, असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरा कोणी म्हणेल, "भूमिहीनासही लाभ झालाच की! त्यास मजुरी मिळू लागली." हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्यास उत्तर देताना आम्ही न्याय सोडू इच्छीत नाही. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे उदाहरण घेऊ. पाणलोटाच्या कामाकरिता स्विस धर्मगुरू हर्मन बाखर व क्रिस्पिनो लोबो ह्यांनी १९९३ साली एक संस्था स्थापन केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला वॉटर असे म्हणतात. तिच्या साहाय्याने दरेवाडीत १९९६ पासून काम झाले. पूर्वी तेथे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत टँकरने पाणी आणावे लागे. २००१ पर्यंत ती पाळी राहिली नाही. शेतमजुरीचे काम पूर्वी वर्षातून तीन-चार महिने मिळे, ते नऊ-दहा महिने मिळू लागले. रोजची मजुरी वीस-तीस रुपयांवरून चाळीस-पन्नास रुपयांवर गेली. हा लाभ लहान नव्हे. ज्याच्या घरात वर्षाचे आठ महिने काम नसे, त्याच्या चुलीस विचारा म्हणजे ह्याचे मोल कळेल. जे लोक म्हणतात की अशी कामे केवळ बड्या शेतकऱ्यांच्या सोयीची असतात, त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावे.

परंतु त्याच गावचा आणखी एक आकडा आहे. त्या पाच वर्षांत जमिनीची किंमत एकरी सुमारे पंधरा हजार रुपयांवरून पासष्ट हजारांवर गेली, म्हणजे चौपटीहून अधिक झाली. आणि गावातील मेंढरे पुष्कळ कमी झाली. मजुराची मजुरी दुपटीच्या आसपास वाढली, ती घाम गाळल्यावर, व तो काम करीत राहील तोवर. मालकाची जमीन चौपट मोलाची झाली, ती कायमची. म्हणून लाभ सर्वांस झाला हे खरे, पण सारखा झाला नाही हेही तितकेच खरे. दरेवाडीच्या लोकांनी मोठे काम केले. त्यांस नावे ठेवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जेथे जाणत्या लोकांनी इतक्या काळजीने काम केले तेथेही हा फरक राहिला, तर जेथे कोणी काळजी करीत नाही तेथे काय होत असेल!

मग ह्यास उपाय आहे काय? आहे, आणि तो पुणे जिल्ह्यातच एका कारखानदाराने करून दाखविला. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले असता हजारो लोक दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यांनी पाहिले. इतक्या हातांनी खडी फोडावी आणि पुढच्या दुष्काळात पुन्हा खडीच फोडावी, हे त्यांस पटले नाही. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर पडीक जमीन पट्ट्याने घेतली, तेथे बांध घातले, पाझर तलाव केला, आणि थोड्या पावसावरही अन्न पिकते हे सिद्ध केले. पुढे त्यातूनच पाणी पंचायतीची चळवळ निघाली. तिचे नियम आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. पाणी जमिनीच्या मानाने न देता घरातील माणसांच्या मानाने द्यावयाचे. दर माणशी अर्ध्या एकरास, व एका कुटुंबास फार तर अडीच एकरांस. उसासारखी तहानलेली पिके घ्यावयाची नाहीत. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जावयाचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उभारावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, ज्यास जमीन नाही त्यासही पाण्याचा हक्क आहे.

हा शेवटचा नियम ऐकून लोक हसले असतील. "शेतच नाही तर पाणी घेऊन हा काय करील?" परंतु थोडा विचार केला म्हणजे त्यातील शहाणपण दिसते. ज्याच्याजवळ जमीन आहे पण आपल्या हिश्शाचे पाणी पुरत नाही, तो भूमिहीनाकडे जाईल व म्हणेल, "तुझे पाणी, माझे शेत, वाट्याने करू." काल जो केवळ मजूर म्हणून बांधावर उभा होता तो आज भागीदार म्हणून बांधावर उभा राहतो. पाणी तेवढेच, जमीन तीच. परंतु माणसाची उभे राहण्याची जागा बदलते. साळुंखे २००२ साली वारले. त्यांचे नियम सर्व महाराष्ट्राने स्वीकारले असे नाही. कारण ते पाळणे कठीण आहे, आणि ज्यांस अधिक सोडावे लागते त्यांस ते रुचत नाहीत. परंतु एखादी गोष्ट कठीण आहे एवढ्यावरून ती अन्याय्य किंवा अशक्य ठरत नाही.

संयमाचे दुसरे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे. १९८९-९० पासून पोपटराव पवार ह्यांच्या पुढारीपणाखाली त्या गावाने डोंगर राखले, चर खणले, झाडे लावली. पण त्याचे विशेष ह्यात की, पाणी आल्यावरही गावाने हात आवरला. दरवर्षी पाऊस मोजावयाचा, जमिनीत किती पाणी आहे त्याचा अदमास घ्यावयाचा, आधी माणसांचे व गुरांचे पाणी बाजूस काढावयाचे, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावी हे ग्रामसभेत ठरवावयाचे. शेतीकरिता कूपनलिका नको. ऊस व केळी नको. डोंगरावर गुरे सोडावयाची नाहीत, परंतु ठराविक रक्कम भरून गवत कापून नेता येते. ज्या गावास पाणी मिळविता येते अशी गावे पुष्कळ आहेत. मिळालेले पाणी पुरवून वापरणारी थोडी. कारण पाणी नसताना एकजूट सोपी असते. खरी परीक्षा पाणी आल्यावर होते.

येथवर आम्ही खेड्याविषयी बोललो. परंतु आकुर्डीच्या त्या फाटकावरून आणखी एक गोष्ट दिसते. आकुर्डीच्या नळास येणारे पाणी मुख्यतः पवना नदीचे. ते मावळ तालुक्यातील पवना धरणातून नदीत सोडतात, रावेत येथे उचलतात व निगडी येथे शुद्ध करून शहरात वाटतात. म्हणजे शहर हा पायथा, आणि मावळ हा माथा. धरणाकरिता ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांतील कित्येक कुटुंबांचे पुनर्वसन अनेक दशके रेंगाळले. पुढे धरणातून निगडीपर्यंत बंद नळाने पाणी न्यावे असे ठरले, तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्यांस वाटले की आता नदीच कोरडी पडेल. २०११ च्या ऑगस्ट महिन्याच्या ९ तारखेस बऊर गावाजवळ त्यांनी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अडवून धरला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण मरण पावले, त्यांत एक स्त्री होती. नळाचे काम थांबले, व त्यावरील स्थगिती २०२३ साली उठविण्यात आली. शहरातील लोकांची तहान खोटी नव्हती; मावळातील शेतकऱ्याचे भयही खोटे नव्हते. दोन खऱ्या गरजा समोरासमोर आल्या, आणि त्यांच्यामध्ये बसून हिशेब करणारा कोणी नव्हता, म्हणून रक्त सांडले.

ह्यावरून आम्हांस असे दिसते की, कोणीही सदासर्वकाळ माथ्यावर नाही व कोणीही सदासर्वकाळ पायथ्याशी नाही. आकुर्डीच्या जुन्या शेतकऱ्याने कारखान्यांसाठी आपली जमीन दिली, तेव्हा तो माथ्यावर होता; आज त्याचे नातवंड मावळचे पाणी पिते, तेव्हा ते पायथ्याशी आहे. हाच न्याय आणखी दूरवर लागू करून पाहा. गेली दीडशे-दोनशे वर्षे कोळसा व तेल जाळून जी राष्ट्रे श्रीमंत झाली, त्यांच्या धुराचा ताप आज आमच्या कोरडवाहू शेतास होत आहे. लाभ त्यांचा व त्रास आमचा, ही आमची तक्रार अगदी रास्त आहे, व ती जगाच्या सभेत जोराने मांडली पाहिजे. परंतु जो न्याय आम्ही जगाकडे मागतो तो आधी आमच्या गायरानात दिसावयास नको काय? ज्याने धूर केला त्याने ज्यास धूर लागला त्याचे देणे द्यावे, असे म्हणणाऱ्या गावाने, ज्यास पाणी मिळाले त्याने ज्याच्या शेळ्या गेल्या त्याचे देणे द्यावे, हेही म्हटले पाहिजे. नाहीतर आमची तक्रार न्यायाची नव्हे, केवळ आमच्या सोयीची ठरेल.

"दुष्काळ आणि पूर ह्या ईश्वराच्या इच्छेच्या गोष्टी, त्यांत माणसाने काय करावे?" असे म्हणणारे भाविक बंधू आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पण पडलेल्या पावसाचे काय करावे, आणि त्यात कोणाचा किती वाटा असावा, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्याचा दोष वर ढकलता येणार नाही.

तेव्हा खेड्यातील आमच्या शिक्षकांनी, उपदेशकांनी व वडील मंडळींनी काय करावे? तुम्हांस लिहितावाचता येते, लोक तुमचे ऐकतात, आणि तुमच्यापैकी बहुतेकांस मोठी शेती नाही. म्हणून ह्या कामी तुमचा उपयोग विशेष आहे. तुमच्या गावी पाणलोटाचे काम निघेल तेव्हा त्यास विरोध करू नका. फावडे घेऊन पुढे व्हा. परंतु पहिला चर खणण्यापूर्वी ग्रामसभेत काही गोष्टी विचारा, व त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहवून घ्या. चराईबंदी झाल्यावर ज्यांची शेरडे-मेंढरे अडतील त्यांची नावे कोणती? सगळा डोंगर एकदम बंद न करता तो तुकड्यातुकड्याने, पाळीपाळीने बंद करता येईल काय? गवत वाढल्यावर ते कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांस शेत नाही त्यांस देता येईल काय? पाणी आल्यावर पिण्याचे पाणी आधी, मग गुरांचे, मग शेताचे, हा क्रम ठरला आहे काय? आणि ज्यांस जमीन नाही त्यांचा पाण्यातील, चाऱ्यातील अथवा तलावातील मासळीतील वाटा किती? काम सुरू होण्यापूर्वी हे प्रश्न विचारणे सोपे असते, कारण तेव्हा सर्वांस सर्वांची गरज असते. विहीर भरल्यावर तेच प्रश्न विचारणारा माणूस भांडखोर ठरतो.

शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक ठेवा, आणि रोज सकाळी मुलांकडून पाऊस मोजून फळ्यावर लिहवा. कामाचा हिशेब महिन्यातून एकदा मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे ज्यास वाचता येत नाही त्यासही तो कळेल. आणि शहरात गेलेल्या आपल्या आप्तांस कळवा की, ज्या नळाचे पाणी ते पितात त्याच्या वरच्या टोकासही माणसे आहेत. छपराचे पाणी जमिनीत मुरविणे, गळका नळ दुरुस्त करणे, पवनेच्या पात्रात घाण न टाकणे, ह्या लहान गोष्टी आहेत. परंतु आकुर्डीच्या रहिवाशास मावळचे ऋण फेडावयाचे झाल्यास आरंभ येथूनच होईल.

मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा न कापता राखाव्या, व गळालेली कणसे वेचू नयेत, ती गरिबाची व परक्याची आहेत, असा नियम आहे, तो आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्याच नियमाच्या आधारे रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचू शकली. आणि ज्या कुटुंबात ती सून म्हणून आली होती ते कुटुंबही एके काळी दुष्काळामुळेच आपले गाव सोडून गेले होते. त्या नियमात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेतमालकाने दया येईल तेव्हा मूठभर धान्य द्यावे असे तेथे सांगितलेले नाही. कडेचे पीक मुळी त्याचे नव्हेच, असे धरले आहे. गरीब मनुष्य तेथे भीक मागावयास येत नाही, आपला वाटा न्यावयास येतो. आमच्या समजुतीप्रमाणे अडविलेल्या पाण्याची गोष्ट अशीच आहे. विहिरीच्या मालकाने आपल्या भागाचे पाणी आनंदाने वापरावे. परंतु त्या पाण्यात एक कड अशी आहे की ती त्याची नव्हे. ती चर खणणाऱ्याची आहे, शेळ्या विकणाऱ्याची आहे, माळ सोडून देणाऱ्याची आहे.

गेल्या उन्हाळ्यात ते वृद्ध गृहस्थ चार दिवस गावी जाऊन आले. आम्ही विचारले, डोंगर कसा आहे? त्यांनी सांगितले की आपण खणलेले चर आता गाळाने व गवताने भरून आले आहेत, ते शोधावे लागतात. त्यांच्या काठची झाडे मात्र माणसाच्या डोक्याहून उंच झाली आहेत. हे सांगताना त्यांच्या तोंडावर अभिमान दिसत होता. त्या डोंगरावरील एका पानावरही त्यांचे नाव नाही, तरी तो डोंगर आपला आहे असे त्यांस वाटते. गावासही तो माणूस आपला वाटावा, एवढेच आमचे मागणे आहे. ह्या वर्षी ज्या गावी चर खणले जातील, तेथील सभेत हा प्रश्न कोणीतरी उठून विचारावा. आणि आमच्या वाचकांपैकी कोणी तो विचारला तर ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.